साहेब म्हणाले, ‘वर द्या!’

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पंचेचाळीस साली मुरबाडच्या पुढे, पार माळशेजच्या पायथ्यापर्यंत, इंग्रजी येणारा माणूस एकच होता. मी! वैशाखऱ्याच्या शाळेचा सोनटक्के मास्तर! कल्याणला मामाकडे राहून मी इंग्रजी दुसरीपर्यंत शिकलो होतो. तिसरीत जायचं राहिलं, कारण परीक्षेच्या वेळी मला गोवर आला. (परीक्षा दोनदा झाली आणि गोवरही दोनदा आला. त्याला मी काय करणार?)

चारशे बारा इंग्रजी शब्द मला अर्थासकट पाठ होते. गिव्ह म्हणजे देणे. अप म्हणजे वर. इन म्हणजे आत. विटेवर वीट ठेवली की भिंत होते, तसं शब्दापुढे शब्द ठेवला की इंग्रजी होतं, असा माझा ठाम समज होता. गावात कुणाला तार आली, कचेरीतून कागद आला, की लोक माझ्याकडे धावायचे. मी चष्मा पुसायचो, कागद उजेडात धरायचो आणि अर्थ सांगून मोकळा व्हायचो. अर्थ चुकला अशी तक्रार एकदाही आली नाही. येणार कुठून? दुसरं कुणी वाचणारंच नव्हतं!

तर त्या वर्षी पौषात मी म्हशाच्या जत्रेला गेलो होतो. म्हशाची जत्रा म्हणजे बैलांचा बाजार. नजर जाईल तिथवर शिंगंच शिंगं! घोंगड्यांची दुकानं, भज्यांच्या कढया, पाळणे, आणि एका कडेला कुस्त्यांचा फड. नारळावरच्या लहान कुस्त्या आटपल्या होत्या. आमच्या वैशाखऱ्याच्या कान्हानं लागोपाठ तीन गडी चीत केले होते आणि तो घाम पुसत चौथ्याची वाट बघत होता.

हा कान्हा म्हणजे पंचविशीतला गडी. भाताची भरलेली गोण एका हातानं उचलून गाडीत टाकायचा, तीही अशी की जणू उशी टाकली! स्वभावानं मात्र गाय. माझ्याच हाताखाली दुसरीपर्यंत शिकला होता आणि तेव्हापासून मास्तर म्हणतील ती पूर्व दिशा मानायचा. एकदा मी वर्गात ‘मी येईपर्यंत उभा राहा’ म्हणालो आणि विसरून घरी जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर पठ्ठ्या तसाच उभा!

चौथा गडी काही येईना. इतक्यात धुरळा उडवत लष्कराचा ट्रक आला. कल्याणजवळ तेव्हा लढाईमुळे सैन्याची मोठी छावणी पडली होती. ट्रकमधून एक कॅप्टन, एक सार्जंट आणि तीन गोरे सोल्जर उतरले. जत्रा बघायला आले होते. सार्जंटाचं नाव बार्लो. लोकांनी पाच मिनिटांत त्याचं बाळूसाहेब करून टाकलं. पण अंगानं तो बाळू नव्हता हो! दारात उभा राहिला तर घरात दिवा लावावा लागेल असा! त्यानं फड बघितला, कान्हाला बघितलं आणि सरळ सदरा काढायला लागला!

चारशे माणसं एकदम पुढे सरकली. गोरा साहेब आखाड्यात उतरणार? आमच्या मातीत? आमच्या डोळ्यांदेखत? असं दृश्य आमच्या बापजाद्यांनी पाहिलं नव्हतं!

कॅप्टनसाहेबांनी इकडेतिकडे बघून विचारलं, “इंग्लिश? एनीबडी?”

चारशे बोटं माझ्याकडे वळली. माझी छाती सदऱ्यात मावेना! मी पुढे झालो. कॅप्टन भराभर काहीतरी बोलले. त्यातलं शेवटचं मला नीट ऐकू आलं. “टिल वन मॅन गिव्ह्ज इन.” टिल म्हणजे तोपर्यंत. वन मॅन म्हणजे एक माणूस. बाकीचं संदर्भानं लावलं आणि दणदणीत आवाजात जाहीर केलं, “ऐका हो! साहेबांची कुस्ती आपल्यासारखी नाही! पाठ टेकली तरी संपत नाही! साहेब सांगतील तोपर्यंत चालूच राहणार!”

कॅप्टनसाहेबांनी माझी पाठ थोपटली आणि ते बैल बघायला निघून गेले.

एवढ्यात कान्हाची आई गर्दीतून वाट काढत आली. हिराबाई. किरकोळ बाई, पदर खोचलेला, हातात म्हशीचं दावं. तिचा चेहरा उतरला होता.

“मास्तर, गोऱ्याच्या अंगाला हात लावायचा म्हंजे काय खेळ हाय का? उद्या पोराला धरून नेला तर?”

“हिराबाई, मी आहे ना इथे! साहेब इंग्रजीत बोलेल ते मी कान्हाला मराठीत सांगेन. कान्हा तेवढंच करील. साहेबाच्याच हुकमानं केल्यावर गुन्हा कसला?”

तिला ते पटलं. ती कान्हाकडे वळली. “ऐकलास ना रे? मास्तर सांगतील तेवढाच करायचा. जास्ती नाय, कमी नाय.”

“व्हय गो आई,” कान्हा म्हणाला.

आणि हिराबाई म्हैस बांधायला गेली. ती तिथेच थांबली असती तर मी आज ही गोष्ट सांगत बसलो नसतो.

कुस्ती लागली! सार्जंट मुठी वळून नाचत नाचत पुढे आला. कान्हानं वाकून माती कपाळाला लावली, शड्डू ठोकला, आणि मग काय झालं ते माझ्यासकट कुणालाच दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की साहेबाचे पाय आभाळात आणि पाठ मातीत! फडात असा आरडाओरडा उठला, की बाजारातले बैल दावी तोडायला लागले.

पण मी हात वर केला. “थांबा! साहेबांच्या नियमानं अजून संपलेली नाही!”

कान्हानं पकड सोडली नाही. साहेबाची मान त्याच्या काखेत आणि एक पाय त्याच्या गुडघ्यात अडकला होता. साहेब मोकळ्या हातानं जमिनीवर थापा मारायला लागला. थप, थप, थप!

“बघा, बघा!” मी लोकांना म्हणालो. “गोरा असून आपल्या मातीला मान देतोय! शिका काहीतरी!”

लोकांनी कौतुकानं माना डोलावल्या. एका म्हाताऱ्यानं हात जोडले.

मग साहेब ओरडला, “आय गिव्ह अप!”

अहाहा! इतकं स्वच्छ इंग्रजी! एकही शब्द असा नव्हता जो मला येत नव्हता. आय म्हणजे मी. गिव्ह म्हणजे देणे. अप म्हणजे वर. ‘मला वर द्या!’

“कान्हा! साहेब म्हणतात, वर द्या! उचल!”

“वर?” कान्हा दचकला. “किती वर, मास्तर?”

“साहेबानं आकडा नाही सांगितला! जमेल तेवढा!”

कान्हानं एक श्वास घेतला. एक हात साहेबाच्या मानेखाली, एक मांडीखाली. आणि खरं सांगतो, त्यानंतर मी आयुष्यात पुष्कळ काही पाहिलं, पण तसं पुन्हा पाहिलं नाही. साडेसहा फुटी गोरा सार्जंट आमच्या कान्हाच्या डोक्यावर, दोन तळहातांवर, आडवा! मागे सह्याद्रीचे कडे, वर पौषातलं निळं आभाळ, आणि मधोमध सोललेल्या रताळ्यासारखा गुलाबी साहेब! भजीवाला झारा धरून तसाच उभा राहिला. त्याची भजी जळाली, तरी त्याला शुद्ध नव्हती. मला तर भरूनच आलं. माझा विद्यार्थी होता हो तो!

वरून आवाज आला, “नो! नो! आय गिव्ह इन! आय गिव्ह इन!”

“मास्तर, काय म्हंतो?” कान्हानं खालून विचारलं. त्याचे दंड थरथरत होते.

“आत द्या म्हणतात!”

“कशाच्या आत?”

आता आली का पंचाईत! साहेबानं ते सांगितलंच नव्हतं. मी चौफेर नजर फिरवली. फडाच्या कडेला वैशाखऱ्याच्याच गणूची बैलगाडी उभी होती. बैल सोडलेले, गाडीत मऊ पेंढा भरलेला. साहेबाला टोचणार नाही, लागणार नाही. अगदी त्याच्या मानाला शोभेल अशी जागा!

“त्या गाडीत दे! हळू, हळू! साहेब आहे तो!”

कान्हानं साहेबाला तान्ह्या लेकरासारखा पेंढ्यात ठेवला. पण ठेवला मागच्या बाजूला! गाडीला बैल नव्हते हे मी विसरलो. गाडी उलाळली. जू आभाळाकडे, मागचं तोंड जमिनीकडे, आणि साहेब पेंढ्यासकट घसरत बाहेर! कान्हा दोन्ही हात पसरून तिथे तयारच होता. संपल्याचं कुणी कुठे सांगितलं होतं? त्यानं पुन्हा पकड घातली.

साहेबाबरोबरचे तीन सोल्जर एव्हाना एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होते. एक तर जमिनीवरच बसला होता. मला वाटलं, खेळात रंगलेत बिचारे. खरी गोष्ट मला पुष्कळ नंतर कळली. हा सार्जंट त्यांना छावणीत रोज पहाटे चार वाजता उठवून डोक्यावर बंदूक धरून पळवायचा. साहेब काय बोलतोय ते त्या तिघांना नीट कळत होतं. पण सोडवायची त्यांना अजिबात घाई नव्हती! उलट त्यातला एक डोळे पुसत पुसत ओरडला, “थ्रो इन द टॉवेल, सार्ज!”

बाकीच्या दोघांनी सूर धरला, “थ्रो इन द टॉवेल! थ्रो इन द टॉवेल!”

थ्रो म्हणजे फेकणे. टॉवेल तर काय, मराठीच झालेला. आता तीन गोरे एका सुरात मागणी करताहेत म्हटल्यावर मी कोण नाही म्हणणार?

“टॉवेल आणा!” मी ओरडलो. “साहेबाला टॉवेलात घालून फेकायचंय!”

“येवढा टॉवेल कुठला हो मास्तर?” गणू म्हणाला. “माझा पंचा दिला तर त्यात साहेबाचा एक पाय मावंल!”

“मग घोंगडी आण!”

गणूनं त्याच सकाळी नवी कोरी घोंगडी घेतली होती. बायकोला अजून दाखवलीही नव्हती. पण साहेबाच्या शब्दापुढे त्यानं मागेपुढे पाहिलं नाही. चार कोपऱ्यांना चार गडी लागले. एक कोपरा कान्हानं धरला. मधे साहेब.

“एक! दोन! तीन!”

साहेब वर गेला. खाली आला. पुन्हा वर गेला. लोक टाळ्या पिटायला लागले. पोरंसोरं झाडावर चढली. एका वाजंत्रीवाल्यानं तर ताल धरला, साहेब वर गेला की ढम, खाली आला की ढम! मी बाजूला उभा राहून हात चोळत होतो आणि विचार करत होतो, केवढी ही जात! आपला माणूस दुसऱ्या झोक्यालाच रडला असता. हा गडी मात्र एकामागून एक फर्माईश सोडतोय!

चौथ्यांदा वर गेल्यावर साहेबानं छाती फुटेस्तोवर आरोळी ठोकली, “आय सरेंडर!”

हा शब्द माझ्या चारशे बारात नव्हता. मी कान टवकारले. साहेब पुन्हा वर गेला. “सरेंडर! सरेंडर!”

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला!

“लोकहो!” मी दोन्ही हात उंचावले. “साहेब मराठी बोलतोय! साहेब म्हणतोय, सुंदर! सुंदर!”

काय सांगू तुम्हाला! अख्ख्या फडाच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या जत्रेला येऊन, आमच्या घोंगडीतून उडत, एक गोरा साहेब आमच्या भाषेत ‘सुंदर’ म्हणतोय! दोघातिघांनी ‘साहेबांचा विजय असो’ केलं. चार गडी दुप्पट जोरानं झोके द्यायला लागले. साहेब आता आंब्याच्या फांदीला डोकं लागेल इतका उंच जात होता.

“मेल्यांनो! काय चाललाय काय!”

आवाज असा होता, की चारही कोपरे एकदम खाली आले. साहेब घोंगडीत धप्पकन बसला. गर्दी फाटली आणि हिराबाई आत आली. पदर सुटलेला, डोळे लाल.

“सोडा त्याला! सोड रे कान्हा! हरलाय तो मघाचा!”

“हिराबाई, तू मध्ये बोलू नकोस,” मी समजावलं. “साहेब काय म्हणतोय ते तुला कळत नाही. त्याला हे आवडतंय!”

“आवडतंय?” ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. माझ्या खांद्याला लागेल एवढी बाई, पण मला तिच्याकडे मान वर करून बघितल्यासारखं वाटलं. “मास्तर, इंग्रजी कशाला लागतंय? त्याचा तोंड बघा की! माझी म्हस अडली होती ना, ती अशीच बघत होती माझ्याकडं!”

मी साहेबाच्या तोंडाकडे बघितलं. इतका वेळ मी त्याचे शब्द ऐकत होतो. तोंड पहिल्यांदाच बघत होतो.



हिराबाई साहेबाजवळ बसली. त्याच्या केसातला पेंढा काढला. पदरानं त्याचं नाक पुसलं. कुणीतरी लोटाभर पाणी आणलं ते स्वतः त्याच्या ओठांना लावलं. “पी रे बाबा. पी. झाला, झाला.” आणि तो साडेसहा फुटी सार्जंट तिच्या हातानं गटागट पाणी प्यायला. एकाही शब्दाची अडचण त्या दोघांना आली नाही. मी आणि माझे चारशे बारा शब्द बाजूला उभे होतो!

इतक्यात कुजबुज झाली, “कॅप्टन आला! कॅप्टन आला!” गर्दी मागे सरकायला लागली. फौजदारही काठी आपटत येताना दिसला. चारशेची तीनशे झाली, तीनशेची दोनशे. गणूनं घोंगडी गुंडाळली, पण जायला वाट मिळेना म्हणून पोटाशी धरून उभा राहिला. कान्हा मात्र जागचा हलला नाही. हात जोडून, मान खाली घालून उभा. गोऱ्या सार्जंटाला चारचौघांत खेळवलं म्हणजे काय होतं, हे त्यालाही माहीत होतं. लढाईचे दिवस होते. माणूस आत गेला की कधी बाहेर येईल त्याचा नेम नव्हता.

सार्जंट उठला. अंगभर माती, एक डोळा सुजलेला. लंगडत लंगडत तो सरळ कान्हाकडे निघाला.

हिराबाई झटकन मध्ये गेली. “मारायचा तर मला मार! त्यानं काय नाय केला! त्याला सांगितला तेवढाच केला!”

सार्जंटानं तिला दोन्ही खांद्यांना धरून अलगद बाजूला केलं. कान्हाचं मनगट पकडलं. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा कान्हाचा हात आभाळात होता! साहेबानंच तो उंच धरला होता, जिंकलेल्या पैलवानाचा धरतात तसा! मग त्यानं कान्हाच्या पाठीत असा धपाटा घातला की कान्हा दोन पावलं पुढे गेला. आणि मग साहेब हिराबाईकडे वळला, टाच टाचेला लावली आणि तिला कडक सलाम ठोकला!

पळून गेलेली माणसं हळूहळू परत आली. वाजंत्रीवाल्यानं डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं. मला अजूनही कुणी विचारलं, मास्तर, मोठेपणा कशाला म्हणतात, तर मला तो मातीनं माखलेला सलाम आठवतो, आणि तो घ्यायचा कसा हे न कळून नुसती साहेबाच्या तोंडाकडे बघत राहिलेली हिराबाई आठवते.

मग सार्जंट माझ्याकडे वळला आणि बराच वेळ बोलला. त्याचं भाषांतर मी देत नाही. त्यातला एकही शब्द माझ्या पाठांतरात नव्हता, पण या खेपेला मी तोंड बघत होतो.

शेवटी कॅप्टनसाहेब पुढे आले. तिन्ही सोल्जर त्यांच्या मागे काठीसारखे ताठ उभे होते. कॅप्टननी माझ्या छातीवर बोट ठेवून सावकाश विचारलं, “डू यू अंडरस्टँड इंग्लिश?”

हे मला अगदी शब्दन् शब्द कळलं! उत्तरही तयार होतं. गेल्या पाव तासात सार्जंट जे जे ओरडला होता, त्याचा खरा अर्थ एव्हाना माझ्या ध्यानात येऊ लागला होता. शरण आलो म्हणायला इंग्रजांकडे किती शब्द! नुसतं ‘आय गिव्ह अप’ म्हटलं असतं तरी सुटलो असतो. शब्द अगदी ओठांवर आले.

पण शेजारी कान्हा उभा होता. माझ्या तोंडाकडे एकाग्रतेनं बघत.

“काय म्हंता मास्तर? काय करायचा आता?”

आणि त्याच्या मागे गणू घोंगडी घेऊन!

मी शब्द गिळले. डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले आणि चक्क मराठीत म्हणालो, “साहेब, मला इंग्रजी येत नाही हो!”

कॅप्टनसाहेबांचा चेहरा निवळला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मंद हसून म्हणाले, “आय नो.”

आय म्हणजे मी. नो म्हणजे नाही.

काय माणूस असेल बघा! एवढा मोठा कॅप्टन, पण मला वाईट वाटू नये म्हणून चारचौघांत कबूल केलं, की मलाही येत नाही!